दुसरी चिठ्ठी

लातुरात त्या काळी सहा वर्षांच्या पोरांच्या आया रस्त्यात भेटल्या, की 'झालं का जेवण?' असं विचारायच्या आधी 'किती टक्के?' असं विचारायच्या. शिवकांताला हा प्रश्न दिवसातून चार वेळा यायचा. एकदा तर भाजीवालीनंसुद्धा मेथीची जुडी हातात देता देता विचारला. "चौऱ्याऐंशी," शिवकांता सांगायची, आणि समोरची बाई 'अगंबाई!' म्हणायची. हेवा वाटून की कीव येऊन, ते काही कळायचं नाही.

हे टक्के मार्कांचे नव्हेत. मार्कांचं खूळ जाऊन जमाना झाला होता. हे खिडकीचे टक्के.

खिडकीचं प्रकरण तसं समजायला सोपं. लहान मुलाच्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी सारखी नाती जोडत असतात आणि मोडत असतात. म्हणून तर चार वर्षांचं पोर शेजारणीची तेलुगू महिन्याभरात उचलतं, आणि त्याच्या बापाला दहा वर्षांत 'बागुन्नारा', म्हणजे 'बरे आहात ना', याच्या पुढं सरकता येत नाही. पुढं सहा-सात वर्षांचं झालं, की या पेशींभोवती प्रथिनांची एक बारीक जाळी विणली जाऊ लागते. तिला बोधजाळी म्हणतात. जाळी बसली की जोडलेलं टिकतं, पण नवं जोडणं जड जातं. जाळी बसायच्या आधीचा जो काळ, ती खिडकी, आणि ती अजून किती उघडी आहे त्याचे हे टक्के. देवानं ही खिडकी प्रत्येकाला दिली आणि ती कधी लावायची ते स्वतःकडं ठेवलं. माणसानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं, आणि आईबापांच्या जिवाला नवा घोर लागला.

कारण औषधं निघाली, एक सोडून दोन. पहिलं जाळी पातळ ठेवणारं. त्याच्यावर सरकारनं 'उघडं कवाड' नावाची शाळा काढली. महिन्याला एक मात्रा द्यायची, आणि खिडकी बाराव्या वर्षापर्यंत सताड उघडी. पण उघड्या खिडकीतून उजेड येतो तशी धूळही येते. अशा मुलाला गाणं जितक्या लवकर लागतं, तितकाच मास्तरांचा टोमणाही लागतो. म्हणून तिथं पाच मुलांमागं एक शिक्षक, आणि तोही पारखून घेतलेला. एवढी शहाणी माणसं आणायची कुठून? म्हणून अख्ख्या जिल्ह्यात जागा चाळीस, अर्ज साडेपाचशेच्या वर, आणि मग सोडत.

दुसरं औषध जाळी घट्ट विणणारं. ते 'दृढांकुर विद्यालय' नावाच्या खासगी शाळेनं उचललं. पहिल्याच मात्रेला जाळी बसू लागते, नऊ दिवसांत पक्की होते. मूल भरकटत नाही, चुळबुळ करत नाही, शिकवलं ते दगडावरची रेघ. तिथून बाहेर पडलेली मुलं शहाणी, नेमकी, वेळेवर झोपणारी. दृढांकुरात जागा धरायची तर नुसती सही चालत नसे. मुलाच्या जिभेखाली पहिली मात्रा घालावी लागे, तिचं नाव हमीमात्रा. ती एकदा घातली की सोडतीतून नाव आपोआप बाद, कारण बसलेली जाळी पुन्हा उसवायला गेलं तर पोराला झटके येतात. सोडत पुढच्या गुरुवारी होती. हमीमात्रेची मुदत या शनिवारी संपत होती.

आणि ज्यांच्या पदरी ना हे पडलं ना ते, त्यांच्यासाठी साधी शाळा होतीच. भिंतीएवढा पडदा आणि त्याच्यासमोर शंभर पोरं. शिवकांताच्या थोरल्या बहिणीनं दोन वर्षांपूर्वी सोडतीची वाट बघितली होती. नंबर लागला नाही, दृढांकुरची मुदत उलटून गेलेली. तिचा वीरेश आठ वर्षांचा झाला तरी त्याला दुकानाची पाटी धड वाचता येत नव्हती. बाता मारण्यात मात्र एक नंबर. प्रवेशाचे दिवस आले, की ती बहीण कुणाचा फोन उचलत नसे.

शिवकांता बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, सात दिवसांनी किती उगवले ते मोजायचं, हे तिचं काम. जिला शंभरातलं एक बी कुजलेलं चालत नाही, तिला चौदातली एक संधी कशी चालावी?

तिच्या नवऱ्याचा, चन्नवीरचा, जीव वेगळ्या मातीचा. तो विजेच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचा. मोटार दुरुस्त झाली तरी हा बाबा ती परत उघडणार, आत अजून काही गंमत आहे का बघणार, आणि गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं. लेकही बापाच्या वळणावर गेली होती. घरातला एक डबा असा नव्हता, की जो उघडून गौरजानं आत नाक घातलं नव्हतं.

"आई, मिठाला वास का नाही?"

"आई, आरशात माझा डावा हात उजवा होतो, तर डोकं खाली का होत नाही?"

"खा मुकाट्यानं," शिवकांता म्हणायची. एवढ्या प्रश्नांपुढं दुसरं काय म्हणणार बिचारी!

मंगळवारी ती गौरजाला घेऊन शेवटच्या मोजणीला गेली. खिडकी तपासणी केंद्र डॉ. सुमित्रा उटगे चालवत. वय साठीच्या पुढं, केस आखूड, बोलणं सरळ. खिडकी मोजायची रीत त्यांनीच तीस वर्षांपूर्वी शोधली होती. टोपीसारखं यंत्र गौरजाच्या डोक्यावर बसवलं, कानात दोन-तीन परके आवाज ऐकवले, आणि पडद्यावर आकडा आला. चौऱ्याऐंशी.

"टोपीला आतून काय दिसतं?" गौरजानं विचारलं.

"तुझे विचार नाही दिसत. ते कुठून कुठं जाऊ शकतात तेवढं दिसतं," डॉक्टर म्हणाल्या आणि जुनी बिघडलेली टोपी तिच्या हातात दिली. "जा, उघडून बघ."

पोरगी कोपऱ्यात जाऊन बसली. शिवकांतानं खुर्ची पुढं ओढली.

"मॅडम, खरं सांगा. शनिवारी मात्रा देऊ का नको?"

"सल्ला द्यायला मला बंदी आहे बाई. माहिती विचारा."

"मग माहिती सांगा. मात्रेनं पोर मंद होतं का?"

"उलट. पाढे, भाषा, हिशोब, सगळं इतरांपेक्षा पक्कं होतं."

"माया कमी होते का?"

"आईला आई म्हणतं, पडलं की रडतं. काही कमी होत नाही."

"मग होतं तरी काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही घरी विरजण लावता ना? दूध आणि दही, दोन्ही चांगलंच. पण दुधाचं अजून काहीही होऊ शकतं. खवा, पनीर, बासुंदी, नाहीतर नासूनही जाईल. दह्याचं फार तर ताक होईल, पुन्हा दूध होत नाही. मात्रा म्हणजे विरजण. मूल समोरचं छान शिकतं. समोर नसलेल्याकडं मात्र बघत नाही. त्याची त्याला गरजच वाटत नाही."

"म्हणजे मुलं दुःखी असतात?"

"छे! पंचवीस वर्षांत एका पोरानं तक्रार केलेली नाही."

"मग चांगलंच आहे की!"

"हो ना," डॉक्टर म्हणाल्या. "मला तेच खटकतं. ज्याची खिडकी लागते, त्याला तिथं खिडकी होती हे आठवतं. पण ती परत उघडावी असं वाटत नाही. मग तक्रार करणार कोण?"

शिवकांताला हे बोलणं म्हणजे भरल्या पोटाच्या माणसानं उपवासाचं कौतुक केल्यासारखं वाटलं. ती जरा तणतणतच म्हणाली, "तुम्हाला काय मॅडम, बोलायला! वीरेशसारखं पोर घरात असतं म्हणजे कळलं असतं. तुमच्या मुलाला काय केलं तुम्ही?"

"मात्रा दिली," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या तुकडीतला आहे तो. तेव्हा मीही घाबरले होते. आता मोठ्या हुद्द्यावर आहे पुण्यात. सुखी आहे. दर रविवारी साडेदहाला फोन करतो."

"बघा, किती गुणाचं पोर!"

"साडेदहाला करतो," डॉक्टर पुन्हा म्हणाल्या, "आणि दहा मिनिटांनी ठेवतो. मागच्या वर्षी मी दवाखान्यात भरती होते. शेजारच्या बाईनं फोन उचलला. तर त्यानं तब्येतीचं सगळं नीट ऐकून घेतलं, आणि दहा मिनिटांनी ठेवला."

शिवकांतानं मान वळवली. कोपऱ्यात गौरजानं टोपीचे सगळे तुकडे फरशीवर मांडले होते आणि ती एक तार नाकाशी धरून वास घेत होती.

बुधवारी संध्याकाळी घरात वाजलं. चन्नवीर म्हणाला, थांबू या. शिवकांता म्हणाली, थांबलेल्यांचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. तो म्हणाला, पोरीचा चेहरा बघ, हिला झाकून ठेवणार आहेस? ती म्हणाली, चेहरा बघून पोट भरत नाही. तो चिडला, ती रडली, आणि शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे. चिठ्ठ्या टाक."

चन्नवीरच्या घरात ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल होती. नवरा-बायकोचं जमेना, की दोन चिठ्ठ्या देवघरापुढच्या पितळी वाटीत टाकायच्या आणि घरातल्या सगळ्यात लहान पोरानं एक उचलायची. जे निघेल ते निमूट मानायचं. आणि एक नियम: न उचललेली चिठ्ठी उघडायची नाही. ती तशीच समईवर धरून जाळायची. उघडून बघणं म्हणजे देवावर अविश्वास. चन्नवीर उभ्या जन्मात दोनच गोष्टींच्या बाहेर गेला नव्हता, एक आईचा शब्द आणि दुसरी ही चाल.

शिवकांता स्वयंपाकघरात जाऊन कागद फाडत बसली. एकावर तिनं लिहिलं, 'मात्रा'. दुसऱ्यावर 'सोडत' लिहायला घेतलं आणि तिच्या डोळ्यांपुढं वीरेश आला. पाटीपुढं उभा, ओठ हलवत, हसणाऱ्या दुकानदाराकडं बघत. तिनं दुसऱ्यावरही 'मात्रा' लिहिलं. घड्या घातल्या. देवाला मनातल्या मनात म्हणाली, माझ्या पदरात पाप घाल, पण पोरीला सुरक्षित ठेव.

गौरजानं चिठ्ठी उचलली आणि एकेक अक्षर जोडत वाचली. "मा... त्रा."

चन्नवीरनं मान हलवली. चपला घातल्या आणि दुकानाकडं निघून गेला. शिवकांता त्याच्या पाठीकडं बघत दारात उभी राहिली, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई! हिच्यावरपण मात्राच!"

गौरजानं दुसरीही उघडली होती. उघडणारच! शिवकांतानं झडप घालून चिठ्ठी हिसकावली आणि समईवर धरली. बोट भाजलं तेव्हा सोडली.

"दोन्हीवर सारखंच का लिहिलंस?"

"हळू बोल. बाबांना सांगायचं नाही."

"नाही सांगत. पण का?"

"तुला नाही कळायचं."

"सांगितलंस तर कळेल. का?"

"शनिवारी सांगते," शिवकांता म्हणाली. सुटका करून घ्यायला माणूस काहीही बोलतं.

गुरुवारी गौरजानं दात घासताना विचारलं, जेवताना विचारलं, वेणी घालताना विचारलं. शुक्रवारी तिनं स्वतःच उत्तरं काढायला सुरुवात केली. "तुला दुसरा शब्द लिहिता येत नव्हता का? का कागद संपला होता? का देवाला वाचता येत नाही म्हणून?" शिवकांताला हसू आलं आणि लगेच भडभडून आलं. ती पोरीला म्हणाली, "शनिवारी म्हटलं ना!"

"सकाळी का दुपारी?"

"दुपारी. शाळेतून आल्यावर. नक्की."

शनिवारी दृढांकुरात सगळं कसं छान होतं. बाई हसतमुख, फरशी चकचकीत. वर्गातल्या मुलांनी उठून एका सुरात नमस्कार केला, त्यानं शिवकांताला धीर आला. एका नर्सबाईनं गौरजाच्या जिभेखाली तीन थेंब घातले.

"बडीशेपेसारखं लागतं," गौरजा म्हणाली. "आत काय आहे?" नर्सबाईनं तिच्या गालाला हात लावला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

घरी येताना पोरगी रिक्षात झोपली आणि संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. उठली तेव्हा शिवकांता तयार बसली होती. तिनं दिवसभर उत्तर जुळवलं होतं: मला भीती वाटली बाळा, म्हणून मी लबाडी केली. एवढं साधं. गौरजानं दूध पिलं, भांडं मोरीत ठेवलं आणि चित्रं रंगवायला बसली. रविवारीही काही विचारलं नाही. सोमवारी शिवकांताच म्हणाली, "गौरू, मी तुला काहीतरी सांगणार होते ना?"

"हो. चिठ्ठ्यांचं," गौरजा म्हणाली.

"मग? सांगू?"

"सांग की," पोरगी रंगातून मान वर न करता म्हणाली.

ज्याला ऐकायचंच नाही, त्याला कबुली कशी द्यायची? "नंतर सांगते," शिवकांता म्हणाली, आणि गौरजा म्हणाली, "बरं."

गुरुवारी सोडत झाली. शिवकांता कुणाला न सांगता नगरभवनात जाऊन आली. तिथं निकालाची यादी लागली होती. गौरजाचा अर्ज दोनशे सतरावा. लागलेल्यांच्या यादीत दोनशे सोळा होता. चिठ्ठ्या काढायच्या आधीच बाद झालेले नंबर वेगळ्या कागदावर होते, त्यात दोनशे सतरा होता. नंबर लागला असता का नसता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. ती बराच वेळ उभी राहिली. मागच्या बाईनं विचारलं, "लागला का हो?" तर ती म्हणाली, "नाही, मी आपली सहज आले होते."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. गौरजा महिन्यात घडाघडा वाचायला शिकली, दोन महिन्यांत तीसपर्यंत पाढे. अक्षर असं सुंदर, की चन्नवीरनं दुकानाचा फलक तिच्याकडून लिहून घेतला. पाहुणे आले की म्हणत, "पोरगी फार समंजस हो!" शिवकांताचा ऊर भरून यायचा, खोटं कशाला बोला. वीरेशला बघितलं की वाटायचं, आपण केलं तेच बरोबर. आणि मग स्वयंपाक करताना एकदम लक्षात यायचं, की मिठाचा डबा कितीतरी दिवस ठेवलेल्या जागेवरच आहे. मग तिचा हात उगाचच चालायचा, डबे पुसायचे, परत पुसायचे, कणीक गरजेपेक्षा जास्त मळायची. चन्नवीरनं एक जुनी मोटार घरी आणून ठेवली होती, लेकीच्या हाताला येईल अशी, पाटाशेजारी. स्क्रू ढिले करून ठेवले होते. मोटारीवर धूळ साचली.

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं, यावरून विषय निघाला. गौरजाला तीन वर्षांपासून समुद्र बघायचा होता. समुद्राचं पाणी रात्री कुठं जातं, हे तिला भरती-ओहोटीचं कुणीतरी सांगितल्यापासून बघायचं होतं. पण बिदरला शिवकांताच्या मावशीचं बोलावणं आलं होतं.

"चिठ्ठ्या टाकू," शिवकांताच म्हणाली.

ती कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली. एकावर लिहिलं, 'बिदर'. दुसऱ्यावर लिहिलं, 'बिदर'. या वेळची भीती वेगळी होती. तिला पकडलं जायचं होतं. पोरीनं दुसरी चिठ्ठी उघडावी, कमरेवर हात ठेवून ओरडावं, 'आई, दोन्हीवर सारखंच!', बापासमोर, शेजाऱ्यांसमोर, कुणाहीसमोर ओरडावं. तिला त्या लबाडीची शिक्षा हवी होती. त्याहून जास्त, तो आवाज हवा होता.

वाटी देवघरापुढं ठेवली. गौरजानं एक चिठ्ठी उचलली, उघडली आणि न अडखळता वाचली.

"बिदर."

"बाळा, तुला समुद्र..." चन्नवीर म्हणाला.

"बिदर निघालं ना," गौरजा म्हणाली. चिठ्ठीची नीट घडी घातली, आईच्या हातात दिली आणि बॅग भरायला आत गेली.

दुसरी चिठ्ठी वाटीत तशीच होती. समई तेवत होती. शिवकांता चिठ्ठीकडं बघत उभी राहिली, तिला हात पुढं करवेना.

"जाळ ना," चन्नवीर म्हणाला.

ती हलली नाही. त्यानं वाटीत हात घालून चिठ्ठी उचलली, समईकडं नेली आणि मधेच थांबला. "आधी हिचे हात धरून ठेवायला लागायचे," तो स्वतःशीच पुटपुटला. "आज बघितलंसुद्धा नाही तिनं इकडं."

आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं ती चाल मोडली. चिठ्ठी उघडली. वाचली. बायकोच्या हातातली दुसरी घेऊन तीही वाचली. मग तो खाली पाटावर बसला.

"त्या दिवशीपण?" त्यानं विचारलं.

शिवकांतानं मान हलवली. "तिला कळलं होतं. तीन दिवस विचारत होती, का म्हणून. मी म्हटलं, शनिवारी सांगते." पदर तोंडात धरून ती भिंतीला टेकली. चन्नवीर दोन्ही चिठ्ठ्या तळहातावर घेऊन बसून राहिला. त्याला रागावता येत नव्हतं, आणि उठताही येत नव्हतं.

आतून बॅगची चेन ओढल्याचा आवाज आला. गौरजा दारात आली. आई रडत होती, बाप खाली बसला होता, त्याच्या हातात दोन उघड्या चिठ्ठ्या होत्या. तिनं ते सगळं बघितलं. चिठ्ठ्याही बघितल्या. तिला आता लांबूनसुद्धा वाचता येत होतं.

"माझी बॅग झाली," ती म्हणाली. "निघायचं किती वाजता?"